तांदळातलं नाव

लातूरच्या एका खासगी प्रसूतिगृहात मी एकवीस वर्षं कारकुनी केली. माझं अक्षर चांगलं होतं. डॉक्टरसाहेब आल्यागेल्याला रजिस्टर उघडून दाखवायचे, "बघा, छापल्यासारखं लिहितो आमचा माणूस." त्याच अक्षरात मी एका बाईचं नाव अर्धं लिहिलं, आणि पुढं शपथ घेऊन त्या अर्ध्या नावाच्या आधारानं तिला खोटी ठरवली. तिच्या मुलीचा उजवा हात जन्मतानाच निकामी झाला होता. त्याची दाद मागायला ती उभी राहिली होती, आणि तिला ती मिळू नये यासाठी जे लागलं ते माझ्याकडून झालं. बायकोला हे सांगायचं राहिलं, ती गेली. मुलाला सांगितलं नाही, कारण त्याचं शिक्षण त्यातूनच झालं. आता पंचाहत्तरी उलटली आहे. आणखी वाट बघायचं काही कारण उरलेलं नाही.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. आणि लग्नात मुलीचं नाव बदलतात, आडनावच नव्हे, पहिलं नावसुद्धा. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, बाया वाकून वाचतात, पेढे वाटतात. झालं. त्या दिवसापासून सासरी ती नव्या नावाची. माहेरी मात्र नवं नाव कुणाच्या तोंडात बसत नाही. बाप तिला मरेपर्यंत जुन्याच नावानं हाक मारतो. म्हणून प्रसूतिगृहात एक साधा नियम होता. माझ्या आधीच्या कारकुनानं मला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता: "माहेरचं वर, सासरचं खाली. दोन्ही लिहायचं. नाहीतर उद्या दोन गावची माणसं एका लेकरासाठी भांडत येतील." मी कित्येक वर्षं तसं लिहिलं. त्या दिवशी लिहिलं नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपाला महिनाही झाला नव्हता. औसा तालुक्यातल्या एका गावातून एक शेतकरी मुलीला घेऊन आला. त्यांचं घर पडलेलं, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. मुलीचं सासर नांदेड जिल्ह्यात. जावई येऊन भेटून गेला होता, पण एवढं सगळं होऊनही बाळंतपण माहेरीच करायचं हा बापाचा हट्ट. खिडकीशी गर्दी होती.

"नाव सांगा पेशंटचं."

त्यानं मुलीचं लहानपणापासूनचं नाव सांगितलं, स्वतःचं सांगितलं, आडनाव सांगितलं. मी लिहिलं. मुलगी भिंतीला टेकून कळा सोसत होती. सासरचं काय, एवढा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "चला, पुढचं कोण?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची वेळ भरली तेव्हा डॉक्टर जागेवर नव्हते. नर्स घाबरी होऊन बाहेर आली. "साहेबांना बोलवा, मूल मोठं आहे, मला जमंना." मी स्कूटर काढली. साहेब कुठं आहेत ते मला ठाऊक होतं. शहराबाहेर त्यांनी प्लॉट घेतला होता, त्याची मोजणी चालू होती. टेपचं एक टोक स्वतः धरून उभे होते. मी निरोप सांगितला. ते म्हणाले, "पहिलटकरीण आहे, वेळ लागणारच. नर्सला म्हणावं, धीर धर. एवढं टोक बघून आलोच." मी परत आलो तोवर मूल झालं होतं. साहेब त्यानंतर तासाभरानं आले.

काय झालं ते नर्सनं मला औषधांच्या कपाटामागं सांगितलं. डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. तशा वेळी काय करायचं असतं ते तिला कुणी नीट शिकवलेलं नव्हतं. तिनं डोकं धरून ओढलं. "ओढलं हो दादा मी. बाळ निळं पडून राहिलं होतं, काय करणार होते?" ती रडत होती. माझा तिच्यावर राग नाही. टेप धरून उभा राहिलेल्या माणसावर आहे, आणि स्कूटर घेऊन मुकाट परत आलेल्या माणसावर आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी जमीन पुन्हा हादरली. त्या दिवसांत भांडं पडलं तरी लोक बाहेर पळत. सगळा वॉर्ड अंगणात आला. त्या मुलीला धड चालता येत नव्हतं. मी आत जाऊन तिचं बाळ उचललं, एका हातानं तिला धरलं आणि लिंबाखाली माझी खुर्ची टाकून तिला बसवलं. बाळ माझ्याकडंच होतं. दचकल्यावर तान्ही लेकरं दोन्ही हात फेकतात. हिनं एकच फेकला. उजवा हात दुपट्यातून बाहेर लोंबत होता, तळवा मागं वळलेला, ओल्या कापडासारखा.

"मामा," ती म्हणाली, "हिचा ह्यो हात असा का पडतोय हो?"

मला माहीत होतं. मी म्हणालो, "नवीन आहे अजून. येईल ताकद."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त ऐटीत. "तेलानं चोळा. सहा महिन्यांत पळायला लागेल हात." घरची माणसं सहा महिने चोळत बसली. मग नांदेडच्या एका हाडांच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की मानेतून हाताला जाणारी नस ओढली गेलीय; पहिल्या काही महिन्यांत मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर काही करून बघता आलं असतं. त्या मायलेकीचे ते महिने आम्ही तेलात घालवले.

नांदेडच्याच एका तरुण वकिलानं त्यांची तक्रार ग्राहक मंचापुढं घातली. माणूस कळवळ्याचा होता, पण तसल्या कामात नवा. तक्रार त्यानं तिच्या सासरच्या नावानं केली, कारण रेशनकार्डावर तेच होतं. दवाखान्याच्या कागदावर माहेरचं. दोन्ही एकच, असं तिचं शपथपत्र जोडलं आणि त्याला वाटलं, झालं. आज कुणी असं लेकरू घेऊन माझ्याकडं आलं तर मी सांगतो: आधी दवाखान्याकडं सगळे कागद लेखी मागा. त्या दिवसाच्या रजिस्टरचं अख्खं पान मागा, नुसती आपली नोंद नाही. आणि दोन्ही नावांचा दाखला पहिल्याच दिवशी जोडा. हे शहाणपण मला कुठून आलं ते मात्र मी कधी सांगत नाही.

नोटीस आली त्या संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नोटिशीचं नाव काढलं नाही.

"पोराचं काय चाललंय?"

"दहावी आहे, साहेब."

"हुशार आहे म्हणतात."

"आहे, साहेब."

ते दिवस कसे होते ते लातूरच्या माणसाला सांगायला नको. गल्लीगल्लीत क्लास निघत होते. जिथं कालपर्यंत गोठा होता तिथं मुलांच्या खोल्या झाल्या. देवणी-रेणापूरपासून ते पार परभणीपर्यंतचे लोक ट्रंक आणि वळकटी घेऊन पोराला सोडायला येत. ज्या कॉलेजात सगळ्यांना शिरायचं होतं, त्याच्या कमिटीवर साहेब होते.

"निकाल लागला की माझ्याकडं पाठव त्याला," ते म्हणाले. मग समोरचे कागद सारखे करत, "आणि ती तारीख आहे ना, रजिस्टर घेऊन तुलाच जावं लागेल. जे लिहिलंय तेवढंच सांगायचं. आपल्या मनाचं काही नको."

खोटं बोल असं ते म्हणाले नाहीत. कैक वर्षं मी त्याच एका गोष्टीवर डोकं टेकून झोपलो.

तारखेला ती दोन-अडीच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली होती. बाप होता, नवरा होता. डॉक्टरांचा वकील जाडजूड, हसरा. त्याचं म्हणणं असं, की कागदावरची बाई आमच्याकडं बाळंत झाली, तिचं मूल ठणठणीत घरी गेलं. ही बाई दुसरीच कुणीतरी आहे, कागद मिळवून आलीय.

"तुमचं नाव बदललं म्हणता. त्याचा काही कागद? गॅझेट? अर्ज?"

ती म्हणाली, "लग्नात बदललं, साहेब."

"कुठं लिहिलेलं आहे?"

"तांदळात लिहिलं होतं."

सगळे हसले. वकील तर खूशच झाला. "तांदळात! मग ते तांदूळ आणलेत का सोबत? की भात करून खाल्लात?"

पुन्हा हसले. समोर खुर्चीत बसलेल्यांनीही ओठ आवळले. त्या खोलीतल्या प्रत्येक लग्न झालेल्या माणसाच्या घरात तसंच ताट मांडलेलं होतं. माझ्या बायकोचं नाव मी स्वतः तांदळात लिहिलं होतं, घाईत तांदूळ सांडले म्हणून आत्याची बोलणी खाल्ली होती. आणि मीसुद्धा हसलो. कमी हसलो असेन, पण हसलो.

बाप उठून बोलला, "माझी लेक हाय ती साहेब, मी आणलं तिला, म्याच नाव सांगितलं." वकील म्हणाला, "बाप लेकीच्या बाजूनंच बोलणार." तो खाली बसला.

मग मला बोलावलं. रजिस्टर टेबलावर उघडलं. तक्रारदार बाईचं, म्हणजे सासरचं, नाव या पानांवर आहे का, असं मला विचारलं. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक नाव वाचत खाली आलो. तिची ओळ आली. माझंच अक्षर, माझीच काळी शाई. माझं बोट तिथं थांबलं नाही. पान संपलं. मी म्हणालो, "या नावाची नोंद नाही."

तिच्या वकिलाला शेवटी एक प्रश्न सुचला, आणि तो बरोबर होता. "या बाईंना तुम्ही ओळखता का? दवाखान्यात पाहिलंय का यांना?"

मी तिच्याकडं पाहिलं नाही. टेबलाच्या कडेला एक खिळा वर आला होता, त्याच्याकडं पाहिलं.

"रोज बाया येतात, साहेब. सांगता येत नाही."

तक्रार फेटाळली गेली. आपणच ती रुग्ण असल्याचं तक्रारदार सिद्ध करू शकली नाही, असं निकालात आलं. डॉक्टर त्या वेळी भूकंपग्रस्तांच्या सेवेत होते असंही त्यांच्या उत्तरात लिहिलेलं होतं. ते कुणी तपासलंच नाही. निकालाच्या दिवशी मी रजिस्टर काखेत मारून जिना उतरत होतो. खाली तिचा बाप उभा होता. मला वाटलं शिव्या देईल. मी तयार होतो शिव्यांना. तो म्हणाला, "मामा, तुम्ही तिला बसाया खुर्ची दिली व्हती की."

एवढंच. मी रिक्षा केली.

माझ्या मुलाला प्रवेश मिळाला. तो चांगल्या मार्कांनी पास झाला, आज मोठ्या पगारावर आहे. गुणवत्तेवर मिळाला असता का? मिळालाही असता. हे मला कधीच कळणार नाही, आणि तेच बरोबर आहे. मला ते कळायला नकोच. साहेबांच्या त्या प्लॉटवर तीन मजली वसतिगृह उभं राहिलं. त्यांचे सत्कार झाले. सत्काराच्या प्रत्येक भाषणात भूकंपातली सेवा यायची. मी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो. आमच्या जिल्ह्यात त्यानंतर कितीतरी वर्षं जे जे हरवलं, बुडवलं, दडवलं ते भूकंपात गेलं असंच सांगितलं जाई. मेलेल्या माणसांच्या अंगाखाली जिवंत माणसांनी आपल्या लबाड्या सरकवल्या. मी त्यातलाच एक.

भूकंपाला तीसेक वर्षं झाल्यावर माझी नात, मुलीची मुलगी, बारावीनंतरच्या परीक्षेच्या क्लाससाठी नांदेडला आली. एकटी कशी ठेवायची म्हणून तिच्यासोबत मी आलो. आमच्यासारखी बरीच म्हातारी माणसं त्या भागात खोल्या घेऊन राहतात. सकाळी पोरांना क्लासला सोडायचं आणि कट्ट्यावर बसून एकमेकांच्या नातवंडांचे मार्क विचारायचे. जेवणासाठी नातीनं एक मेस शोधली होती. दोन दिवसांनी म्हणाली, "आजोबा, भाजी मस्त असते, पण ती ताई डाव्या हातानं वाढते. कसंतरीच वाटतं."

"असतात काही डावरे," मी म्हटलं.

"डावरी नाही. उजवा वरच होत नाही तिचा."

त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर गेलो. दारावर मेसची पाटी होती. पाटीवर बाईचं पूर्ण नाव होतं, आणि एक नाही, दोन. माहेरचं वर, सासरचं खाली. जसं मी लिहायला हवं होतं, अगदी तसं.

आत तिशीकडं झुकलेली एक मुलगी बादली टेबलावर ठेवून, डाव्या हातानं आमटी वाढत होती. उजवा हात कोपरात किंचित वाकलेला, तळवा मागं वळलेला. आई भाकरी टाकत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा परातीत घातली. मला वाटलं, ओळखलं नाही.

मी तिथं जवळजवळ चार महिने जेवलो. मुलगी मला "आजोबा, अजून घ्या" म्हणायची. ती दिवसा एका शाळेत शिकवते, हे कळलं. एकदा एक विद्यार्थी तिच्यासमोरच म्हणाला, "ताई, जरा सरळ हातानं वाढा ना." ती म्हणाली, "सरळ हातानं वाढलं तर आमटी तुझ्या डोक्यावर पडेल रे, चालेल का?" सगळी पोरं हसली. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज ताट धुवायला ठेवून यायचो.

शेवटी एका दुपारी पोरं क्लासला गेल्यावर गेलो. आई गहू निवडत होती, मुलगी वह्या तपासत होती. मी उभ्यानंच सांगितलं, मी कोण आहे ते.

आई म्हणाली, "ठाव हाय. पहिल्याच दिवशी ओळखलं."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलता का न्हाई, ते बघून राहिले होते." तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "चार महिने लागले तुम्हाला. जेवण तर रोज वेळेवर जमत होतं."

मी माफी मागायला लागलो. तिनं हात वर केला. "ते राहू द्या, साहेब." मामा म्हणाली नाही. "तुम्हाला काय सांगू, निकालाचा कागद सासरी वाचून दाखवला कुणीतरी. माझी जाऊ भावकीत म्हणायची, कोर्टानंच सांगितलंय, ही ती नव्हंच. मग हे लेकरू कुठून आणलं? दहा वर्षं ऐकलं ते. मालक चांगले, म्हणून गाव सोडून इथं आलो. माझा बाप मरेस्तोवर म्हणायचा, माझ्यामुळं झालं, मी नाव चुकीचं सांगितलं. त्यानं नाव बरोबर सांगितलं होतं ना?"

"बरोबर सांगितलं होतं."

"मग लिहून द्या. मी तीच हाय असं लिहून द्या. आणि हिचा हात तिथंच गेला असं."

मी नांदेडच्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, आता मुदत कधीच संपली, या कागदाला तसा काही अर्थ नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "अर्थ मला हाय."

स्टँपपेपर आणला. माझं अक्षर आता थरथरतं, तरी हातानंच लिहिलं. दोन्ही नावं लिहिली. नोंद मीच अर्धी ठेवली, पुढं मंचात तिची ओळ दिसत असून वाचली नाही, ओळखत असून ओळखत नाही म्हणालो, डॉक्टर कुठं होते ते माहीत असून गप्प राहिलो, हे लिहिलं. सुरुवातीला लिहिलं होतं, "भूकंपानंतरच्या धावपळीत आणि गर्दीत..."

मुलीनं कागद डाव्या हातात धरून शेवटपर्यंत वाचला. मग टेबलावर ठेवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काढा."

"त्या वेळी परिस्थिती तशी होती, म्हणून—"

"माझा हात भूकंपानं गेलेला नाही," ती म्हणाली. "आणि मंचात तुम्ही बोललात तेव्हा कुठला भूकंप चालू होता? काढा ते."

मी दुसरा स्टँपपेपर आणून पहिल्यापासून लिहिलं. भूकंप नाही, गर्दी नाही, पोराची दहावी नाही. उरलं ते पाऊण पान होतं. तीस वर्षांपूर्वी ते इतकंच होतं.

नोटरीसमोर सही झाल्यावर आईनं तो कागद घडी न करता प्लास्टिकच्या पिशवीत घातला. ती त्याची एक प्रत गावी, भावकीत पाठवणार होती, आणि एक बापाच्या फोटोमागं लावणार होती. निघताना मला म्हणाली, "नातीला येऊ द्या जेवायला. लेकराचा काय दोष. तुम्ही येऊ नका."

मी गेलो नाही. नात डबा घेऊन येते, त्यातलं मी खात नाही, स्वतःचा भात लावतो. तांदूळ ताटात घेऊन निवडायला बसलो की बोट आपोआप त्यात फिरायला लागतं. मग मी ते ताट तसंच उचलतो आणि सगळं पाण्यात ओततो.